अडलेला गाळ आणि समुद्रातली मासळी

नाशिककडची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही गंगा १,४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात ती गढूळ होते, तेव्हा पाण्याबरोबर आपल्या रानांची मातीही निघालेली असते. आता तिच्या वाटेत गंगापूर, नांदूर मधमेश्वर, पैठणचा नाथसागर, पुढे तेलंगणात श्रीरामसागर. पाणी थांबले की गाळ बसतो. नांदूर मधमेश्वरला तो इतका साचला, की उथळ पाणथळीत परदेशी पाखरे उतरू लागली. पाखरांची सोय झाली, पण बंधाऱ्यात पाणी मावेना!

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ वाहत होता. १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. भर घटली आणि नदीच्या मुखाकडचा किनारा समुद्र कुरतडू लागला.

आता मासळीचे. समुद्रातला चारा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांपैकी डायाटमचे कवच सिलिकाचे असते. उसाची पात हाताला कापते, ती याच सिलिकामुळे. खडक झिजून सिलिका नदीत येते. धरणाच्या संथ पाण्यात डायाटम तिथेच वाढतात, मरतात आणि सिलिका घेऊन तळाशी बसतात. युरिया मात्र धरणाखालच्या रानांतूनही नदीत उतरत राहतो. नुसत्या युरियावर पिकाचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. समुद्रातही चांगला चारा मागे पडतो आणि नको ते माजते. डॅन्यूब नदीवरच्या धरणामुळे काळ्या समुद्रात असेच झाले, असे शास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडले.

इजिप्तमध्ये नाईलच्या पुरामागोमाग तारली मासळी किनाऱ्याला येई. १९६२ साली ती सुमारे १८ हजार टन सापडली. १९६४ पासून आस्वानच्या धरणाने पूर अडवला आणि १९६८ पर्यंत हजार टनसुद्धा मिळेना. कोळ्यांच्या जाळ्यांना काम उरले नाही. १९८० नंतर मासळी पुन्हा वाढली खरी, पण शास्त्रज्ञ त्याचे श्रेय शेतातून वाहणाऱ्या खतांना आणि शहरांच्या सांडपाण्याला देतात.

धरणे नसती तर निफाडची द्राक्षेही नसती, हे खरेच. पण तळाशी बसलेला गाळ निदान रानात तरी यावा. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. गाळ आणायचा तर हलक्या, मुरमाड रानात टाका. भारी काळ्या जमिनीत तो पाणी धरून बसेल. आधी मातीपरीक्षण करून घ्या.