मैदान गेलं दूर, पोट्टे आले जवळ

बुटीबोरीहून नागपूरकडे निघालं की डोंगरगाव मागे पडतं आणि थोड्याच वेळात जामठ्याच्या स्टेडियमचे दिव्यांचे मनोरे दिसू लागतात. विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या या मैदानात सुमारे 45 हजार प्रेक्षक बसतात. 2008 पासून इथं कसोटी झाल्या, एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने झाले, विश्वचषक आला, रणजीच्या अंतिम लढती झाल्या. कुणी किती धावा केल्या, किती बळी घेतले, हे कुठल्याही क्रिकेटवेड्या पोराला तोंडपाठ असतं. पण ते बघायला गॅलरीत कोण होतं? विशेषतः कॉलेजात शिकणारी पोरं किती आली, कशी आली आणि का आली नाहीत? गेल्या 17-18 वर्षांचा हा हिशेब तिकीट, रस्ता आणि परीक्षेचं वेळापत्रक या तीन गोष्टींभोवती फिरतो.

सायकलच्या टप्प्यातलं मैदान

जामठ्याआधी नागपूरचं क्रिकेट म्हणजे सिव्हिल लाइन्स. तिथल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्याच (व्हीसीए) जुन्या मैदानावर पहिली कसोटी झाली ऑक्टोबर 1969 मध्ये. न्यूझीलंडनं ती 167 धावांनी जिंकली आणि भारतातला आपला पहिला कसोटी विजय नागपुरात नोंदवला. या मैदानाचं खरं भाग्य त्याच्या शेजारात होतं. हिस्लॉप कॉलेज जवळ, सायन्स कॉलेज जवळ, मॉरिस कॉलेज सीताबर्डीवर, म्हणजे बर्डीवर. सकाळचे तास आटोपून, बरेचदा न आटोपताच, सायकलला टांग मारायची आणि उपाहाराच्या आत जागा पकडायची, हे जमण्यासारखं होतं. सामना बघणं हा त्या पिढीच्या कॉलेजजीवनाचाच एक भाग होता.

31 ऑक्टोबर 1987 चा विश्वचषकाचा सामना याच मैदानावरचा. चेतन शर्मानं न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, विश्वचषकातली ती पहिलीच. मग अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरांनी एकदिवसीय कारकिर्दीतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. 222 धावांचं लक्ष्य भारतानं 33व्या षटकात गाठलं. आज साठीच्या घरात असलेल्या नागपूरकरांपैकी मी तिथं होतो असं सांगणारे इतके भेटतात, की ते सगळे खरोखर आत असते तर उभं राहायलाही जागा उरली नसती.

गर्दीची दुसरी बाजूही याच मैदानानं पाहिली. 26 नोव्हेंबर 1995 रोजी भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मधल्या सुटीत नव्यानं बांधलेल्या स्टँडची भिंत कोसळली आणि 9 प्रेक्षकांचा जीव गेला. सामना पुढे खेळवला गेला. क्रिस केर्न्स आणि नेथन अ‍ॅस्टल यांची त्या दिवशीची शतकं नोंदवहीत आहेत. ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही, त्यांच्या लेखी त्या तारखेचा अर्थ वेगळा आहे. प्रेक्षकाला तिकीट विकलं म्हणजे त्याच्या सुखरूप परतण्याचीही जबाबदारी घेतली, हे त्या दिवसानंतर तरी कुणी विसरायला नको होतं.

18 किलोमीटर

भर शहरात वाढायला जागा नव्हती, वाहनं लावायची सोय नव्हती. नवं स्टेडियम वर्धा रोडवर जामठ्याला उभं राहिलं आणि मैदान बर्डीपासून साधारण 18 किलोमीटर लांब गेलं. स्टेडियम देखणं झालं. कुठूनही खेळ नीट दिसतो, खुर्च्या आहेत. पण सायकलचा टप्पा संपला.

पहिलीच कसोटी मिळाली ती केवढी! 6 ते 10 नोव्हेंबर 2008, समोर ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीची शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. पदार्पणात 12 बळी घेणारा जेसन क्रेझा पराभूत संघात राहिला आणि भारतानं 172 धावांनी जिंकून बॉर्डर-गावसकर करंडक परत मिळवला. एवढं सगळं घडत असताना स्टँड मात्र बऱ्याच अंशी रिकामे होते. दूरचित्रवाणीवर ते साऱ्या देशाला दिसलं आणि कसोटीला प्रेक्षक उरला नाही, अशी चर्चा सुरू झाली.

प्रेक्षक उरला होता. त्याला त्या दिवसांत वेळ नव्हता, एवढंच. जामठ्यातल्या कसोटींच्या तारखा एकाखाली एक लिहून बघा. नोव्हेंबर 2008, नोव्हेंबर 2010, डिसेंबर 2012, नोव्हेंबर 2015, नोव्हेंबर 2017. नागपूर विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही हे महिने बघून दुसरंच काही आठवेल: हिवाळी परीक्षा. सत्र पद्धत आल्यापासून तर त्या दिवसांत पेपर नाही असं पोरगं शोधावं लागतं. उरलेल्या दोन कसोटी, 2010 ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची आणि 2023 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची, फेब्रुवारीत झाल्या, म्हणजे स्नेहसंमेलनं आणि बारावीची प्रात्यक्षिकं यांच्या दिवसांत. हाशिम आमलाच्या नाबाद 253 धावा आणि डेल स्टेनचे 51 धावांत 7 बळी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांनी ते बहुधा कुठला तरी तास बुडवूनच पाहिले.

शिवाय पाच दिवसांचा सामना पाच दिवस चालेलच याचा भरवसा राहिला नाही. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली. अश्विननं 12 बळी घेतले आणि आयसीसीनं खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला. 2023 मध्येही ऑस्ट्रेलिया तिसऱ्याच दिवशी डावानं हरली. शनिवार-रविवारची सुटी धरून बेत आखणाऱ्या पोरांचा रविवार 12 फेब्रुवारी तसाच गेला. सामना शनिवारीच आटोपला होता.

रिकाम्या खुर्च्यांवर एक उपाय देशभर वापरला जातो, तो म्हणजे शाळकरी मुलांना सवलतीत किंवा फुकट आणून बसवणं. 2019 मध्ये रांचीच्या कसोटीतही शाळांना आणि जवानांना तिकिटं वाटली गेली. तरी स्टँड भरले नाहीत आणि कसोटीसाठी पाचच केंद्रं ठरवून टाका, असं विराट कोहलीनं सामन्यानंतर सुचवलं. बसमधून आणलेलं मूल टाळ्या वाजवतं, खूश होतं आणि शिक्षकांनी सांगितल्या वेळी निघून जातं. स्वतःच्या खिशातून पैसे काढून, मित्रांना गोळा करून येणारा प्रेक्षक कॉलेजच्या वयात तयार होतो. नेमकं ते वय हिशेबातून सुटलं.

दिव्याखालचे सामने

एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटीची गोष्ट अगदी उलटी. तिथं खुर्ची रिकामी राहण्याचा प्रश्नच नाही. तिकीट हाती लागणं हाच प्रश्न. 12 मार्च 2011 ला विश्वचषकात सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपलं 99वं आंतरराष्ट्रीय शतक इथंच केलं आणि शेवटच्या षटकात सामना आपण इथंच घालवला. 15 मार्च 2016 ला न्यूझीलंडनं आपल्याला 79 धावांत गुंडाळलं. 5 मार्च 2019 ला विजय शंकरनं शेवटच्या षटकात ऑस्ट्रेलियाला रोखलं आणि भारताचा 500वा एकदिवसीय विजय जामठ्याच्या नावावर लागला. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला दीपक चहरनं बांगलादेशविरुद्ध 7 धावांत 6 बळी घेतले. 23 सप्टेंबर 2022 ला मैदान ओलं राहिल्यामुळे सामना आठ-आठ षटकांवर आला. तेवढ्यासाठी लोक तासन्‌तास बसून राहिले.

या काळात तिकीट खिडकीवरून मोबाइलवर गेलं. रांगेत निदान किती लोक पुढे आहेत ते दिसायचं, आणि पहाटे चारला उठून रांगेत उभं राहण्याची ताकद विद्यार्थ्याइतकी दुसऱ्या कुणात नव्हती. बेंगळुरूत 2011 च्या विश्वचषकावेळी रांगेवर लाठ्या चालल्या, तेव्हा ऑनलाइन विक्रीच बरी असं सगळ्यांना वाटलं. पण मोबाइलवरची विक्री काही मिनिटांत संपते. ज्याच्याकडे चांगलं नेटवर्क आणि कार्डावर चार जणांचे पैसे आहेत, त्याचं जमतं. होस्टेलवरची पोरं वर्गणी गोळा करेपर्यंत विक्री बंद झालेली असते. त्यातही गंमत अशी, की अलीकडच्या सामन्यांना ऑनलाइन घेतलेलं तिकीट कागदी रूपात उचलायला सिव्हिल लाइन्सला जावं लागलं. बुटीबोरीच्या पोरानं आधी जामठा ओलांडून नागपूर गाठायचं, तिकीट घ्यायचं आणि सामन्याच्या दिवशी पुन्हा उलट जामठ्याला यायचं.

मुलींचं गणित तर आणखी अवघड. रात्री साडेदहा-अकराला सामना सुटतो, वर्धा रोडवर वाहनांची कोंडी होते, गाडी लावलेली जागा लांब असते आणि होस्टेलचं फाटक त्याआधीच बंद झालेलं असतं. मेट्रो 2019 मध्ये खापरीपर्यंत आली आणि सामन्याच्या रात्री तिच्या फेऱ्या वाढवल्या जाऊ लागल्या, ही मोठी सोय झाली. पण ती नागपूरच्या दिशेला. बुटीबोरीकडे परतणाऱ्याला आजही स्वतःची गाडी नाही तर ओळखीच्या माणसाची गाडी, एवढाच आधार.

शेजारी आलेली कॉलेजं

मधल्या काळात एक मोठा बदल झाला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मैदान विद्यार्थ्यांपासून दूर गेलं, पण विद्यार्थी हळूहळू मैदानाजवळ आले. जवळच्या मिहान प्रकल्पात आयआयएम आली, एम्स आलं. वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि ट्रिपल आयटी उभी राहिली; दोन्हींच्या पत्त्यात टपाल डोंगरगाव (बुटीबोरी) असंच लिहिलेलं असतं. वर्धा रोडवरची अभियांत्रिकी कॉलेजं आधीपासून होतीच. आज जामठ्याभोवती होस्टेलवर राहणारी जितकी पोरं आहेत, तितकी 2008 मध्ये कुणाच्या कल्पनेतही नसतील.

ट्रिपल आयटीच्या पत्त्यात खुणेसाठी एका सूतगिरणीचं नाव येतं: बॅरिस्टर शेषराव वानखेडे शेतकरी सहकारी सूतगिरणी. हे तेच विदर्भातले शेषराव वानखेडे, ज्यांचं नाव मुंबईच्या स्टेडियमला आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम चालवणारा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात सामन्याच्या जागांच्या वाटपावरून वाद पेटला आणि त्या वादातून वानखेड्यांनी नवं स्टेडियमच उभारलं. तिथं पहिली कसोटी झाली जानेवारी 1975 मध्ये. तिकिटं कुणाला किती, या प्रश्नावर आपल्याकडे अख्खं स्टेडियम बांधलं गेलं आहे. मग एखाद्या स्टँडचा कोपरा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणं अवघड का असावं?

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल सामन्यांना असा विद्यार्थ्यांचा वेगळा स्टँड असतो आणि तोही आपोआप भरत नाही. मिशिगन विद्यापीठानं 2013 मध्ये विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून, आधी येईल त्याला जागा, असा नियम केला. पोरं चिडली आणि पुढच्या वर्षी नियम मागे घ्यावा लागला. 2014 मध्ये हंगामाचं तिकीट 280 डॉलरवर गेलं, मागणी घटली, तेव्हा 2015 साठी ते 175 डॉलरवर आणलं. अलाबामा विद्यापीठात पोरं सामना अर्धवट सोडून जात, म्हणून 2019 मध्ये शेवटच्या सत्रापर्यंत थांबणाऱ्याला मोबाइल अ‍ॅपवर गुण देण्याची पद्धत आली. गुण जास्त त्याला मोठ्या सामन्याच्या तिकिटात अग्रक्रम. या उपायांची नक्कल करायची गरज नाही. पण विद्यार्थी हा वेगळा प्रेक्षक आहे आणि त्याच्यासाठी दर, जागा आणि वेळ यांचा वेगळा विचार करावा लागतो, एवढं तिथं गृहीत धरलेलं आहे. लांब कशाला, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना असला की तिकीट काढून गर्दी होते. कारण मैदान पेठांच्या जवळ आहे आणि संघ आपल्या पेठेचा आहे.

आपला संघ तर विदर्भाकडेही आहे. 2018-19 ची रणजी अंतिम लढत जामठ्यात झाली आणि विदर्भानं सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून सलग दुसऱ्यांदा करंडक घेतला. फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावात 37 धावांची आघाडी घेऊन तिसऱ्यांदा घेतला, तोही जामठ्यातच. त्या सामन्यात 153 धावा करणारा दानिश मालेवार 21 वर्षांचा होता आणि हंगामात विक्रमी 69 बळी घेणारा हर्ष दुबे 22 चा. मैदानावर कॉलेजच्या वयाची नागपूरची पोरं खेळत होती, प्रवेशाला पैसे लागत नव्हते, आणि तरी गॅलरी भरली नाही. म्हणजे अडचण नुसती तिकिटाच्या किमतीची नाही.

रस्त्याचंच बघा. मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी हा मेट्रोचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात आहे. केंद्रानं या टप्प्याला डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली. मेट्रो येईल तेव्हा येईल. तोवर असोसिएशननं प्रत्येक सामन्यात एक स्टँड महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राखावा, तिकिटं ओळखपत्रावर कॉलेजातूनच द्यावीत, कसोटीला एका दिवसाचं स्वस्त तिकीट ठेवावं आणि सामना सुटल्यावर बर्डी आणि बुटीबोरी अशा दोन्हीकडे बस सोडाव्यात. कॉलेजांनी त्या रात्रीपुरतं होस्टेलचं फाटक उशिरा बंद करावं. जामठ्याला पुढची कसोटी मिळेल, तेव्हा तिच्या तारखा विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघाव्यात; त्याला खर्च येत नाही. आणि पोट्ट्यांनो, रणजीचा हंगाम सुरू झाला की तुमच्या होस्टेलपासून चार-सहा किलोमीटरवर फुकट क्रिकेट असतं. एकदा जाऊन बसा. गॅलरीत तुम्ही दिसलात, तरच तुमच्यासाठी जागा मागता येईल.