उंची, तास आणि प्लग

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. धडधाकट माणसाला हे आयुष्यभर जाणवत नाही. पण ज्याची फुप्फुसं निम्मीअधिक निकामी झाली आहेत, त्याला पुण्याबाहेर पडताना रस्ता चढतो की उतरतो हे आधी पाहावं लागतं. खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई गाठली की हवेचा दाब वाढतो आणि दर श्वासागणिक थोडा जास्त ऑक्सिजन मिळतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, तो कमी होतो. केदारनाथला, साडेतीन हजार मीटरच्या वर, समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण हवाच विरळ झाली की त्या २१ टक्क्यांतून हाती कमी लागतं.

विमानातही हेच घडतं. केबिनमधला दाब यंत्राने राखलेला असतो, तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. आतली हवा ८,००० फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटरवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही, एवढाच दंडक आहे. त्या दाबाला श्वास घेणं म्हणजे समुद्रकाठी बसून १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेण्यासारखं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघालेला रुग्ण दोन तास महाबळेश्वरच्याही हजारेक मीटर वर बसून असू शकतो. खुर्चीतून न हलता चढलेली उंची असल्यामुळे धाप लागेपर्यंत घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

हे वाचून कुणी तिकीट रद्द करू नये. ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाला घरात बसवून ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते. गरज असते ती निघण्याआधी कागद-पेन घेऊन केलेल्या हिशेबाची, आणि तो हिशेब घरच्यांना कुणी शिकवत नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधं लिहिलेली असतात, प्रवासाबद्दल अक्षर नसतं. मग ‘कशाला उगाच दगदग’ एवढ्या बोलण्यावर एखाद्याचं गाव, भाचरांची लग्नं, पंढरपूर सगळं कायमचं सुटतं.

आणि हे मूठभरांचं दुखणं नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. त्या अभ्यासात पुण्याचे डॉ. संदीप साळवी आघाडीवर होते. त्याआधी २००९ मध्ये त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये लिहून विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. चुलीचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण.

माझी मावशी त्यातलीच. जुन्नर तालुक्यात उमेदीची वर्षं चुलीपुढे गेली, आता पुण्यात मुलाकडे असते. रात्री झोपताना आणि चालताना ऑक्सिजन लागतो. सांगलीला नातीचं लग्न निघालं तेव्हा ती म्हणाली, “मशीन न्यायचं तर न्या, पण मला ठेवून जाऊ नका.” डॉक्टरांशी बोलून आम्ही तयारीला लागलो. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सामान मांडलं: पंप आणि स्पेसर, वाफेचं मशीन, नाकातल्या दोन नळ्या (एक सुटी, कारण ती पायाखाली येऊन चिरते), बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स. घरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, पंधरा किलोच्या आसपास. गाडी सीएनजीची, त्यामुळे डिकीत अर्धी जागा टाकीने खाल्लेली. मशीन पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसवलं आणि वाटेसाठी बी-टाइप सिलिंडर मागे हलणार नाही असा घट्ट बांधला.

इथे पहिला हिशेब येतो. बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर साडेबारा तास पुरतो. पाच तासांच्या वाटेला हे भरपूर वाटतं, पण वाटेतल्या खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की पाचाचे आठ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून लागणाऱ्या तासांची दुप्पट धरायची, आणि भरलेला सिलिंडर घेताना मीटरचा काटा स्वतः पाहायचा. गाडीत उदबत्ती नको, सिगारेट तर नकोच, आणि सिलिंडर उन्हात तापत ठेवायचा नाही. बोगद्यापूर्वी काचा वर करून एसी आतल्या हवेवर टाकायचा. ट्रकच्या धुराने मावशीला दोन मिनिटांत खोकल्याची उबळ येते.

सांगलीत लॉजवर वेगळीच अडचण निघाली. हल्ली बऱ्याच खोल्यांत किल्लीचं कार्ड खाचेत असेल तरच वीज चालू राहते. कुणी कार्ड काढून चहाला गेलं की कॉन्सन्ट्रेटर बंद. आम्ही दुसरं कार्ड मागून घेतलं आणि खाचेतच ठेवलं. मंगल कार्यालयात जनरेटर आहे का, तो कुठले प्लग उचलतो, हे फोनवर आधीच विचारलेलं होतं. होमाच्या वेळी मावशीची खुर्ची दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला ठेवली. अक्षता तिने तिथूनच टाकल्या.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. मावशी थकलेली दिसली म्हणून एका भावाने प्रेमापोटी मशीनचा आकडा दोनवरून चारवर नेला. मुरलेल्या सीओपीडीत हे धोक्याचं ठरू शकतं. अशा काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. माणूस गुंगीत जातो आणि बघणाऱ्यांना वाटतं, छान झोप लागली. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर अनेकदा ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. आपल्या माणसाचा आकडा काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि मशीनवर चिकटवावं. प्रवासात धाप लागली तर आधी थांबायचं, बसवायचं, पंप द्यायचा, नळी दुमडली आहे का ते पाहायचं. तरी सावरलं नाही तर १०८.

खांद्याला अडकवायचं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर दोन-अडीच किलोचं असतं, बॅटरीवर चालतं आणि लाखाच्या बरंच वर जातं. ते घेणाऱ्यांची हमखास फसगत होते ती आकड्यात. त्यावरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. यातली बहुतेक यंत्रं सलग ऑक्सिजन सोडत नाहीत. नाकाने श्वास ओढला की तेवढ्यापुरता झोत देतात. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याचा श्वास यंत्राला कधी कधी कळतच नाही. त्यामुळे विकत किंवा भाड्याने घेण्याआधी ते लावून चालून पाहावं, शक्य तर डॉक्टरांसमोर. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत पुण्यातल्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या पुढाकाराने ‘मिशन वायू’तून परदेशातून कॉन्सन्ट्रेटर आले, अनेक सोसायट्यांनीही स्वतःची घेतली. तेव्हापासून माळ्यावर पडलेलं मशीन कुणी प्रेमाने देऊ केलं तर लगेच लावू नका. आतल्या झिओलाइटमध्ये, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या खड्यांमध्ये, ओल शिरली की मशीन आवाज करतं, हवाही सोडतं, पण ऑक्सिजनची शुद्धता घसरलेली असते. ती तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावी.

विमानासाठी कंपनीला निदान दोन दिवस आधी कळवावं, त्यांचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा. घरचा सिलिंडर चालेल असं गृहीत धरू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा अडत नाहीत. १०० ते १६० च्या दरम्यान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या सोबत हव्यात, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. मुंबईहून थेट न्यूअर्कला लेकीकडे निघालेल्या आजोबांचे सोळा तास धरले तर बॅटऱ्या चोवीस तासांच्या हव्यात. बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) नेणाऱ्यांनी त्यातलं पाणी ओतून टाकावं, नाहीतर ते मोटरीत जातं. व्हीलचेअर लाज न बाळगता मागावी, कारण विमानतळावर चालणंच फार असतं. नुकतंच फुप्फुसाबाहेर हवा साचून फुप्फुस बसलं असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय उडायचंच नाही. वर गेल्यावर कोंडलेली हवा तिसऱ्या हिश्श्याने फुगते.

सगळ्यात स्वस्त आणि सोयीची रेल्वे, आणि तिथेच सगळ्यात जास्त अडतं. डब्यातला चार्जिंग पॉइंट ११० व्होल्टचा. पोर्टेबल यंत्राच्या अॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट’ असं असेल तर ते तिथे चार्ज होतं. घरचं २३० व्होल्टचं मशीन चालत नाही. शिवाय आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याच्या सूचना रेल्वेने दिलेल्या आहेत. म्हणजे पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला निघालेल्या बायपॅपच्या रुग्णाला, त्याला यंत्र लागतं नेमक्या त्याच वेळी, वीज मिळण्याची खात्री नाही. सोबत बॅटरी नेणं किंवा दिवसाची गाडी पकडणं, एवढंच त्याच्या हाती उरतं. तिकीट सवलतीच्या यादीत क्षय आहे, कर्करोग आहे, सीओपीडी नाही.

आगीची भीती खरी आहे, मोबाइलसाठी रात्री प्लग बंद ठेवावेत. पण प्रत्येक डब्यात खालच्या बर्थजवळ एक प्लग वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवता येईल. त्याचा जोड वेगळा असावा, तो रात्रभर चालू राहावा आणि तिकीट काढतानाच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तो मागता यावा. पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि छातीच्या डॉक्टरांनी मिळून ही मागणी पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांकडे लेखी न्यावी.