गळा कुणाचा, नाव कुणाचे?

पडद्यावर नटी गाते, तेव्हा ओठ तिचे हलतात. गळा दुसरीचा असतो. आज ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण एके काळी त्या दुसरीचे नावही कुणी छापत नसे, हे तुम्हांला खरे वाटेल का?

मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ साली आला. त्यात मधुबालेवर चित्रित झालेले एक गाणे घरोघर पोचले. तबकडीवर गायिकेचे नाव काय होते? 'कामिनी'! म्हणजे कथेतल्या पात्राचेच. श्रोत्यांचे त्याने समाधान होईना. त्यांनी रेडिओला पत्रे धाडली : 'गाणारी बाई कोण?' तेव्हा कुठे रेडिओवरून नाव सांगण्यात आले : लता मंगेशकर.

पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळू लागले ते १९५९ पासून, आणि तेही गायक-गायिका मिळून एकच. ती वेगळी व्हायला १९६८ उजाडले.

म्हणजे बघा, श्रोत्यांनी विचारले म्हणून नाव कळले. शहराच्या करमणुकीमागे असे निनावी हात अजूनही पुष्कळ आहेत. खेळ संपला की आपण लोकल गाठायला धावतो, आणि त्यांची नावे रिकाम्या खुर्च्यांपुढून सरकत जातात. ज्यांनी आपली संध्याकाळ गोड केली, त्यांची नावे वाचण्यापुरती दोन मिनिटे थांबायला काय हरकत आहे?