अनुदान मंजूर झाल्यानंतरचे नियम

आयुर्वेदातील संशोधनास केंद्र शासनाकडून अनुदान मिळते, हे आता बहुतेक वैद्यांस ठाऊक आहे. प्रस्ताव कसा लिहावा, यावर कार्यशाळाही होतात. परंतु अनुदान मंजूर होऊन काम चालू असतानाच नियम बदलले तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच विषयाचा विचार करीत आहोत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळ येथे असल्याने कामानिमित्त येणारे अध्यापक आमच्याकडे हे प्रश्न घेऊन वारंवार येतात.

त्यांपैकी एका अध्यापकांच्या आमवातावरील प्रकल्पास २०१६ साली अनुदान मंजूर झाले. पहिल्या हप्त्याची रक्कम बँकेत होती. तिच्यावर काही हजार रुपये व्याज मिळाले. संशोधनाचा पैसा संशोधनासच लागावा, या सद्हेतूने त्यांनी ते रुग्णांच्या रक्ततपासणीवर खर्च केले. दरम्यान मार्च २०१७ मध्ये २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांच्या जागी २०१७ चे नियम आले. त्यांतील नियम २३० प्रमाणे अनुदानावरील व्याज, हिशेब अंतिम होताच, भारताच्या संचित निधीत भरावे लागते. पुढील हप्त्यात ते वळते करून घेता येत नाही. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुनाही १९-क ऐवजी १२-क झाला. आमच्या स्नेह्यांनी जुन्याच नमुन्यात, व्याज खर्ची दाखवून, प्रमाणपत्र पाठविले. ते परत आले. दुसरा हप्ता सुमारे आठ महिने रखडला. संशोधन साहाय्यक दुसरीकडे नोकरीस गेले, रुग्णांचा पाठपुरावा तुटला आणि औषधाच्या गुणाविषयी त्या प्रकल्पातून निश्चित असे काहीच सांगता आले नाही. व्याज नंतर भरता आले. तुटलेला पाठपुरावा मात्र जोडता आला नाही.

यात लबाडी नव्हती, दुर्लक्षही नव्हते. मंजुरीपत्र प्राचार्यांच्या कपाटात होते, हिशेब लेखापालांकडे होता आणि रुग्ण वैद्यांकडे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले; अनुदानित संशोधनात लेखापाल हा पाचवा पाद मानावा, असे आम्ही विनोदाने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. मंजुरीपत्राची प्रत तिघांकडेही असावी, आणि दर तीन महिन्यांनी तिघांनी एकत्र बसून ते पत्र व मंत्रालयाच्या नव्या सूचना ताडून पाहाव्यात. उपयोगिता प्रमाणपत्रास आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असली तरी तोवर थांबणे हिताचे नाही.

पैशाची वाटही बदलली आहे. पूर्वी हप्ता संस्थेच्या खात्यात येऊन पडत असे. ९ मार्च २०२२ च्या वित्त मंत्रालयाच्या आदेशानंतर केंद्रीय योजनांत एक मध्यवर्ती नोडल संस्था नेमून, खालच्या संस्थांनी शून्य शिलकीच्या खात्यातून ठरलेल्या मर्यादेत, खर्चाच्या वेळी रक्कम काढावी, अशी पद्धत आली. योजनेची नावेही बदलली. पूर्वीची ‘एक्स्ट्रा म्युरल रिसर्च’ योजना २०२१-२२ पासून ‘आयुर्ज्ञान’ योजनेत समाविष्ट झाली. जुन्या अर्जाची छायाप्रत जपून ठेवणाऱ्यांनी ती खुशाल रद्दीत द्यावी.

रुग्णांवरील चाचणीची नोंदणी हा सर्वांत नाजूक भाग होय. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ साली सुरू झाली. प्रारंभी काम सुरू झाल्यावरही तेथे नोंद करता येई. १ एप्रिल २०१८ पासून मात्र पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच नोंदणी झाली पाहिजे. नंतर केलेली स्वीकारली जात नाही. अन्य चुका पुढे निस्तरता येतात, ही येत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत एकाही रुग्णाची संमती घेऊ नये. नोंदणीस शुल्क नाही. त्याचप्रमाणे २०१९ च्या नियमांनी जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावयास सांगितले आहे. आपल्या महाविद्यालयाची समिती नोंदलेली आहे काय, हे प्रस्तावापूर्वीच विचारावे.

वस्तू व सेवा कराबाबत थोडक्यात सांगतो. संशोधन अनुदानावर कर मागणाऱ्या नोटिसांमुळे २०२४ मध्ये विद्यापीठांत बरीच खळबळ उडाली होती. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे व संशोधन केंद्रे, तसेच आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली सवलत मिळालेल्या संस्था, यांना ऑक्टोबर २०२४ पासून सूट मिळाली. खाजगी महाविद्यालयांनी आपण या वर्गात बसतो असे गृहीत न धरता सनदी लेखापालांस विचारावे.

औषधशाळेच्या मालकांना हे सारे परके वाटेल, परंतु चाचणीचे औषध त्यांच्याकडूनच जाते. परवान्याची प्रत, शेड्यूल टी प्रमाणे उत्तम निर्मिती पद्धतीचा दाखला आणि त्या विशिष्ट बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र, हे तीनही कागद औषधाबरोबरच द्यावेत. वर्षभर चालणाऱ्या चाचणीस शक्यतो एकाच बॅचचे औषध पुरवावे. न जमल्यास दोन्ही बॅचचे क्रमांक वैद्यांस लेखी कळवावेत, आणि प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना प्रकल्पाचा अंतिम हिशेब स्वीकारला जाईपर्यंत औषधशाळेत राखून ठेवावा.