ससून डॉक : मासळीची पाळी, कलेची पाळी

2017च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुलाब्याच्या ससून डॉकमधल्या जुन्या गोदामांत ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ने तात्पुरतं कलाप्रदर्शन भरवलं होतं. येणाऱ्यांना कलाकृती दाखवण्याचं काम मी करत होते. तेव्हाचा हा एक दिवस.

पहाटे 5
माझी पाळी उशिरा सुरू होते, तरी मी लिलावाच्या वेळेला येते. अल्बर्ट ससून यांनी 1875मध्ये बांधलेली ही गोदी आजही पोटापाण्याची जागा आहे. बोटी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. खलाशी मासळीच्या टोपल्या हातोहात धक्क्यावर चढवतात. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपून काही महिने झालेत, हंगाम भरात आहे. बोंबील, पापलेट, माकूल, कोळंबी यांचे ढीग पडतात. भोवती कोळणींचं कडं, बोली चढत जाते. हातगाडीवाला ‘बाजूऽऽ’ ओरडतो, की आपण बाजूला व्हायचं. इथला पहिला नियम हाच.

सकाळी 7
शेडमध्ये बायका ओळीनं बसून कोळंबी सोलतात. जितका माल सोलला जाईल तितकी मजुरी, म्हणून बोटं थांबत नाहीत. बर्फाच्या पाण्यानं ती पांढरी पडलेली असतात. यांच्याशी बोलायचं तर हात थांबेल असा प्रश्न विचारायचा नाही. त्यांच्या शेजारी बसायचं, त्या आपणहून बोलतात.

सकाळी 9
भिंतींची पाहणी. फ्रेंच कलाकार जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ या उपक्रमातून इथल्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे भिंतींवर चिकटवले आहेत. आधी भिंतीला खळ, मग कागद, त्यावर पुन्हा खळ, अशी साधी रीत. दमट खाऱ्या हवेनं कडा सुटतात. ब्रश घेऊन त्या दाबून बसवायच्या. कागद टिकणार नाही हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते योग्यच वाटतं. ही भिंत गोदीची आहे, आपण ती थोडे दिवस मागून घेतली आहे.

दुपारी 12
लिलाव आटोपलाय, धक्का धुऊन निघालाय. आता प्रेक्षकांचे गट येतात. सिंगापूरच्या टॅन झी शी यांच्या ‘प्लास्टिक ओशन’पाशी मी सगळ्यांना जास्त वेळ थांबवते. डोक्यावर टाकाऊ प्लास्टिकचे असंख्य तुकडे टांगलेले आहेत. खालून चालताना आपण समुद्रतळाशी असल्यासारखं वाटतं. एक तांडेल पाहायला आला होता. वर बघून म्हणाला, ‘‘जाळ्यात हेच येतं आमच्या.’’ त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुपारी 3
नाकाला रुमाल लावून कॉलेजची मुलं येतात. ‘पार्फ्यूम ससून’ ही कलाकृती याच वासाबद्दल आहे. मी मुलांना एवढंच सांगते, की आपल्या ताटातल्या मासळीला हा वास चिकटूनच घरी येतो. तो ज्यांच्या अंगाला रोज लागतो त्यांच्यासमोर रुमाल काढून उभं राहणं हा साधा शिष्टाचार आहे. बहुतेक मुलं रुमाल काढतात.

संध्याकाळी 6
आवराआवर करून, साडी बदलून एक कोळीण मावशी सुना-नातवंडांसह येते. भिंतीवरचा स्वतःचा चेहरा नातवाला दाखवते. ‘‘काय गं पोरी, हा किती दिवस राहणार?’’ महिना संपेपर्यंत, मी सांगते. ‘‘बस झालं. आम्ही आहोतच की इथं.’’

रात्री 8
गोदामाचे दिवे बंद करते. बाहेर उद्याच्या बोटींवर बर्फ आणि डिझेल चढतंय.

कामाच्या जागी कला न्यायची असेल, तर आधी त्या कामाच्या वेळा शिकाव्यात. ससून डॉकमध्ये प्रदर्शनासाठी लिलाव थांबला नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं यश वाटतं. तात्पुरती कला तिथल्या माणसांची जागा अडवत नाही. आपली नजर तेवढी त्यांच्याकडे वळवते आणि निघून जाते. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गोदीत, गिरणीत किंवा गोदामात असं प्रदर्शन भरलं, तर दुपारी जाऊन परत येऊ नका. पहाटे जा, आधी काम बघा, मग कला.