मार्था वॉश : स्वर आणि श्रेय

१९७९ नंतर अमेरिकेत ‘डिस्को’ या नावाची लोकप्रियता ओसरली. नृत्यसंगीत मात्र थांबले नाही. मोठ्या वाद्यवृंदाची जागा यंत्रजन्य तालाने व सिंथेसायझरने घेतली, आणि मानवी अंश मुख्यतः कंठात उरला. या दृष्टीने मार्था वॉश यांची कारकीर्द अभ्यसनीय होय. गॉस्पेल गायनात घडलेल्या या गायिकेने सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम सिल्वेस्टर यांना साथ दिली. पुढे इझोरा आर्मस्टेड यांच्यासह ‘द वेदर गर्ल्स’ या नावाने गायिलेले ‘इट्स रेनिंग मेन’ (१९८२) गाजले.

खरा प्रश्न उपस्थित झाला तो १९९० मध्ये. ‘ब्लॅक बॉक्स’ व ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’ यांच्या गाजलेल्या गीतांत स्वर वॉश यांचा; चित्रफितींत ओठ हलविणाऱ्या मात्र दुसऱ्याच सडपातळ तरुणी. आपल्या पार्श्वगायनाशी याची तुलना करणे युक्त नव्हे. तेथील व्यवस्था प्रेक्षकास ठाऊक असते, येथे ती लपविलेली होती. वॉश न्यायालयात गेल्या. पहिल्या तडजोडीतून त्यांना आर. सी. ए. कंपनीचा करार मिळाला व १९९३ साली त्यांच्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. दुसऱ्या तडजोडीनंतर सोनी कंपनीने चित्रफितीस निवेदन जोडण्याची विनंती एम. टी. व्ही. वाहिनीस केली : गायन वॉश यांचे, ‘दृश्यरूप’ झेल्मा डेव्हिस यांचे.