ओळख पटल्याशिवाय माल नाही, पैसे नाहीत



गटात नवीन बाई येते तेव्हा ती कुणाच्या घरची, कुठल्या गल्लीतली, आधी दुसऱ्या गटात होती का, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून तर कर्ज देताना जीव धास्तावत नाही. आठवडी बाजारातही कुणी खराब माल दिला तर पुढच्या आठवड्याला त्याच जागी जाऊन जाब विचारता येतो.

मोबाइलवरच्या बाजारात माणूस दिसत नाही. दिसतं ते नाव आणि फोटो, आणि दोन्ही खोटं असू शकतं. आता आपल्यातले बरेच गट पापड, मसाले, लोणची, गोधड्या मोबाइलवरून विकतात. म्हणून दोन गोष्टी शिकायला हव्यात: समोरच्याची ओळख तपासणं आणि आपली ओळख जपणं.

कागद कशाला मागतात?

ऑनलाइन दुकान उघडायला गेलं की पॅन कार्ड, बँक खातं, मोबाइलवरचा ओटीपी, पत्ता, आणि खाण्याचा माल असेल तर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक मागतात. "एवढे कागद कशाला?" असं वाटतं. पण हे कागद मागितले नाहीत तर फसवणारा आज एका नावाने दुकान उघडेल, गिऱ्हाइकांचे पैसे घेऊन पळेल आणि उद्या दुसऱ्या नावाने परत येईल. पॅन एका माणसाला एकच मिळतो, म्हणून तो तपासला की अशा माणसाला परत येणं अवघड जातं. बँक खातं खरं आहे का, हे पाहायला काही ठिकाणी खात्यात एक रुपया टाकून खातेदाराचं नाव जुळवतात.

इथेच आपल्या बायकांचं गाडं अडतं. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी! नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो. म्हणून दुकान उघडायच्या आधी तिन्ही कागदांवरचं नाव सारखं करून घ्या. दुकान गटाच्या नावाने असेल तर पैसेही गटाच्याच खात्यात यायला हवेत, अध्यक्ष किंवा सचिवांच्या घरच्या खात्यात नाही.

जीएसटीची भीती बाळगू नका. जीएसटीच्या मर्यादेखाली उलाढाल असलेल्या आणि आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारात विकता येतं. त्यासाठी पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो.

ओळखपत्राचा फोटो म्हणजे ओळख नव्हे

समजा, दिवाळीच्या तोंडावर फोन येतो. "मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पसाठी ५० किलो चिवडा हवा." लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं. भावात घासाघीस नाही, माल बघायचा नाही. मग म्हणतो, "आमच्याकडे पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे. मी कोड पाठवतो, तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." पिन टाकला की खात्यात पैसे येत नाहीत, खात्यातून जातात.

ही फसवणुकीची जुनी रीत आहे. ते ओळखपत्र बनावट असतं, किंवा दुसऱ्याच कुणाचं चोरलेलं असतं. कार्डाचा फोटो कुणीही पाठवू शकतं. म्हणून एवढं पाठ करा:

१. पैसे घेताना पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो.
२. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सल बांधा.
३. मोठी ऑर्डर असेल तर आगाऊ रक्कम मागा. व्यापारी म्हणत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा. धंद्याचं नाव तिथे फुकट दिसतं.
४. "मदत करतो" म्हणून कुणी मोबाइलवर अ‍ॅप टाकायला सांगितलं तर टाकू नका. काही अ‍ॅपमधून आपला मोबाइल समोरच्याला दिसतो, ओटीपीसकट.

आपले कागद उसने देऊ नका

कुणी म्हणेल, "ताई, तुमचं आधार, पॅन आणि पासबुक द्या. तुमच्या नावाने दुकान उघडतो, महिन्याला दोन हजार घरबसल्या देतो." ओळखीतला असला तरी नाही म्हणा. त्या दुकानातून बनावट माल विकला गेला किंवा लोकांचे पैसे बुडवले गेले, तर कागदावर विक्रेती तुम्ही असता. खातं गोठतं ते तुमचं आणि पोलिसांचा फोन येतो तोही तुम्हालाच.

आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा.

आपल्या नावाने दुसऱ्याचा माल

गटाचा मसाला चांगला खपायला लागला की कुणीतरी आपलाच फोटो आणि लेबल उचलून हलका माल विकतो. बदनामी मात्र आपली होते. आपलं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं तर हक्क सांगणं सोपं जातं. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फी आहे आणि नोंदणी १० वर्षे चालते. एका गटाला जड वाटलं तर ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावाने एकच चिन्ह घेता येईल का, याचा विचार करा. तोवर लेबलचे जुने नमुने, छपाईची बिलं आणि फोटो तारखेसह जपून ठेवा.

खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायला हवी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

फसवणूक झालीच तर

घरची बोलतील, गटात हसू होईल, म्हणून बाई गप्प बसते, आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. लाज सोडा, ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर जवळ ठेवा. मेसेज पुसू नका. जेवढ्या लवकर कळवाल, तेवढी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव लिहा: गटाचा मोबाइल कुणाकडे राहील, पिन कुणाला माहीत असेल, आणि खात्यात पैसे आल्याचं कोण तपासेल. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांना हे वाचून दाखवा. फसवणाऱ्याचा फोन त्यांनाही येतो.